अँटिगोनिशचीं अभ्यासमंडळें आणि आपला शेतकरी

‘जुबिली’ हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें पताका, घंटानाद, मिरवणूक आणि पंगती येतात. परंतु जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत जुबिलीचा जो नियम सांगितला आहे, त्याचा संबंध मुख्यतः जमिनीशीं आहे. पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, देशभर मुक्ततेची द्वाही फिरवावी, आणि अडल्या वेळीं ज्यानें आपलें वतन विकलें असेल त्याच्या घराण्याकडे तें परत जावें, असा तो नियम होता. जमीन परमेश्वराची, मनुष्य तिच्यावरचा पाहुणा व कूळ, अशी त्यामागील भावना. तेव्हां देवळाचा, शाळेचा व निरनिराळ्या धर्मसंघांचा वृत्तांत या स्मरणिकेंत अन्यत्र येत असतां, आम्हीं मात्र शेतकऱ्याच्या शिक्षणाचा विषय हातीं घेतला, यांत वाचकांस विसंगति वाटूं नये. जुबिलीचा मूळ अर्थ पाहिला तर हाच विषय प्रथम यावयास हवा.

या विषयाकडे आम्ही वळलों तो एका फजितीमुळें. धर्मगुरुपदाच्या आरंभींच्या वर्षांत आम्ही एका कोरडवाहू मुलुखांतील मिशन-ठाण्यावर होतों. सेमिनरींत तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान शिकून आलेलों; ज्वारी व बाजरी यांतील भेद कणीस आल्यावरच कळावा, एवढें आमचें शेतीचें ज्ञान. पण उत्साह दांडगा! शहरांतून एका तज्ज्ञांस बोलावून आम्हीं देवळापुढें मांडव घातला, दोन तासांचें व्याख्यान करविलें, आणि सुधारलेल्या बियाण्याच्या पिशव्या फुकट वांटल्या. लोकांनीं शांतपणें ऐकलें, माना डोलावल्या, चहा घेतला व ते घरीं गेले. त्या हंगामांत बहुतेक पिशव्या माळ्यावरच राहिल्या. पुढें एका वृद्ध शेतकऱ्यास आम्हीं कारण विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “फादर, आपण सांगितलेंत, आम्हीं ऐकलें. पण आमच्या जमिनींत ओल किती दिवस टिकते, हें आम्हांला कोणीं विचारलें?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पुष्कळ वर्षांनीं अँटिगोनिशच्या चळवळीचा इतिहास वाचनांत आला, आणि त्या वृद्धाचा प्रश्न दूर देशांतील कांहीं धर्मगुरूंनीं आमच्याहून फार आधीं ऐकला होता, असें आढळून आलें. तो इतिहास येथें सांगण्याचें योजिलें आहे.

कॅनडा देशाच्या पूर्व टोकास, अटलांटिक महासागराच्या कांठीं, नोव्हा स्कोशिया नांवाचा प्रांत आहे. त्याच्या पूर्वेकडील भागांत व केप ब्रेटन बेटावर अँटिगोनिशचा धर्मप्रांत पसरलेला आहे. येथील लोक कोण? स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशांतून जमिनीस मुकून आलेलीं कॅथॉलिक कुटुंबें, फ्रेंच वंशाचे अकेडियन, आणि आयरिश. यांपैकीं कोणी थोड्याशा खडकाळ जमिनीवर बटाटे व ओट पिकवून गाई-मेंढ्या पाळी, कोणी कॉड मासा व शेवंड धरी, कोणी कोळशाच्या खाणींत उतरे. कित्येक तर हीं तिन्हीं कामें वर्षांतून पाळीपाळीनें करीत. हिवाळा दीर्घ, पेरणीचे दिवस मोजके. माल घेणारा व्यापारी बहुधा एकच, आणि मीठ, पीठ, दोरखंड, खत उधार देणाराहि तोच. मालाचा भाव तो ठरवी, उधारीचा भावहि तोच ठरवी. परिणामीं वर्षानुवर्षें घाम गाळूनहि वहींतील बाकी फिटत नसे. तरुण मुलें-मुली घर सोडून अमेरिकेंतील बोस्टनकडे निघून जात, आणि मागें म्हातारीं माणसें व पडीक शेतें उरत. वाचकहो, हें चित्र परकें वाटतें काय?

या धर्मप्रांतांत अँटिगोनिश नगरीं एक विद्यापीठ आहे, आणि त्याचें नांव संत फ्रान्सिस झेवियर यांचें. ज्यांचें पवित्र शरीर जुन्या गोव्यांत ठेविलेलें आहे, त्याच आपल्या संताचें हें नांव. या विद्यापीठांत फादर जेम्स टॉम्पकिन्स नांवाचे एक धर्मगुरु उपप्रमुख होते. केप ब्रेटनच्या मार्गरी खोऱ्यांत १८७० सालीं जन्मलेले हे गृहस्थ शरीरानें अगदीं किरकोळ. लोक प्रेमानें त्यांस ‘फादर जिमी’ म्हणत. डेन्मार्क देशांत शेतकऱ्यांसाठीं निघालेल्या लोकशाळांचा, इंग्लंडांतील कामकऱ्यांच्या शिक्षणाचा, आयर्लंडांतील सहकाराचा वृत्तांत ते अधाशीपणें वाचीत, आणि भेटेल त्याच्या हातांत एखादी पुस्तिका कोंबीत. विद्यापीठ थोड्या श्रीमंत मुलांना वकील व डॉक्टर करून परगांवीं धाडतें. मग ज्यांच्या कष्टांवर तें उभें आहे त्या लोकांस त्याचा काय उपयोग, असा त्यांचा रोखठोक सवाल असे. १९२१ सालीं ‘लोकांसाठीं ज्ञान’ अशा अर्थाच्या नांवाची एक पत्रिका त्यांनीं प्रसिद्ध केली. त्याच वर्षाच्या जानेवारी महिन्यांत, शेतीचीं कामें थंडावलेलीं पाहून, विद्यापीठांत पहिली ‘लोकशाळा’ भरली. कसलीहि परीक्षा उत्तीर्ण असण्याची अट नव्हती. पन्नासाच्या आसपास माणसें आलीं. त्यांत मिसरूड न फुटलेले पोर होते, तसे पन्नाशी ओलांडलेले बापेहि होते. भाषा, हिशेब, शेतकी, अर्थशास्त्र आणि सभेंत उभें राहून बोलण्याची कला हे विषय त्यांना शिकविण्यांत आले.

पुढें विद्यापीठांच्या एकीकरणाच्या प्रश्नावर फादर टॉम्पकिन्स यांचा वरिष्ठांशीं मतभेद झाला, आणि १९२२ सालाच्या अखेरीस त्यांची रवानगी कॅन्सो नांवाच्या एका कोपऱ्यांतील कोळीवाड्यांत झाली. वयाच्या बावन्नाव्या वर्षीं विद्यापीठाचें उच्च आसन सोडून माशांच्या वासांत जाणें कोणासहि कठीण वाटलें असतें. आमच्या वयाच्या धर्मगुरूंस या प्रसंगाचा अर्थ अधिक सांगावयास नको! परंतु देवाची योजना निराळी होती. कॅन्सो येथें त्यांनीं व्याख्यानें देण्याचें सोडून प्रश्न विचारण्यास आरंभ केला. धक्क्यावर, वाटेंत, स्वयंपाकघरांत बसून ते विचारीत: शेवंडाला तुम्हांस काय मिळतें? बोस्टनला तोच कितीस विकतो? मधला पैसा कोठें राहतो? असे प्रश्न चार-पांच वर्षें मुरत राहिले. १ जुलै १९२७ रोजीं कॅनडाच्या राज्यसंघाचा साठावा वाढदिवस देशभर साजरा होत असतां कॅन्सोच्या कोळ्यांनीं सभा भरविली, आणि आम्हांस साजरें करण्याजोगें कांहीं नाहीं, असें जाहीर केलें. धर्मप्रांतांतील इतर धर्मगुरूंनीं त्यांचा आवाज उचलून धरला. त्याच वर्षीं सरकारनें मच्छीमारीच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं एक शाही मंडळ नेमलें.

या मंडळापुढें ज्यांनीं प्रभावी साक्ष दिली त्यांत फादर मोझेस कोडी हे होते. हे टॉम्पकिन्स यांचे आप्त व त्याच मार्गरी खोऱ्यांतील शेतकऱ्याचे पुत्र, जन्म १८८२. रोम येथें शिक्षण होऊन १९१० सालीं त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. टॉम्पकिन्स जितके ठेंगणे तितके कोडी धिप्पाड. एकानें ठिणगी टाकावी व दुसऱ्यानें फुंकर घालून जाळ करावा, अशी ही जोडी होती. १९२८ सालीं विद्यापीठानें ‘विस्तार-विभाग’ उघडला व कोडी यांस त्याचें प्रमुख नेमिलें. १९३० सालीं ए. बी. मॅक्डोनल्ड नांवाचे शेतकीशास्त्र शिकलेले गृहस्थ त्यांचे साहाय्यक झाले. यापूर्वीं शेतकऱ्यांत काम करणारे डॉक्टर ह्यू मॅक्फर्सन हे धर्मगुरूहि याच विद्यापीठांतील. लोकरीची प्रतवारी करून ती एकत्र विकण्याचा धडा त्यांनीं मेंढपाळांस आधींच घालून दिला होता. अशा रीतीनें भूमि नांगरलेली होती; आतां पेरणीस आरंभ झाला.

त्यांची पद्धति कशी होती, हें नीट पाहिलें पाहिजे. कारण चळवळीचें सर्व सामर्थ्य तेथें आहे. प्रथम गांवांत एक मोठी सभा होई. कोडी तेथें लोकांची खुशामत करीत नसत. तुम्ही दरिद्री आहांत, आणि त्यांतील कांहीं दोष तुमच्या अज्ञानाचा व आळसाचा आहे, असें ते तोंडावर सांगत. पण हें दारिद्र्य देवानें लिहून ठेवलेलें नाहीं, हेंहि तितक्याच जोरानें सांगत. सभा संपण्यापूर्वीं लोकांस लहान लहान अभ्यासमंडळांत वांटून घेण्यास सांगण्यांत येई. एका मंडळांत पांच ते दहा शेजारी. त्यांनीं आपल्यांतीलच एकास पुढारी निवडावयाचें. तो सर्वांत शहाणा असलाच पाहिजे असें नाहीं, बैठक वेळेवर भरवील व सर्वांस बोलूं देईल एवढें पुरे. दर आठवड्यास कोणाच्या तरी स्वयंपाकघरांत, चुलीच्या उबेला, दिव्याच्या प्रकाशांत मंडळी जमत. विद्यापीठाकडून साध्या भाषेंतील पत्रकें व पुस्तकें येत. ज्यास वाचतां येई तो मोठ्यानें वाची. ज्यास येत नसे तो ऐकून प्रश्न विचारी. महिन्यांतून एकदां आसपासचीं मंडळें एकत्र येऊन आपापल्या अभ्यासाचा अहवाल देत. हिवाळ्यांत या मंडळांच्या पुढाऱ्यांसाठीं विद्यापीठांत कांहीं आठवड्यांचा वर्ग चाले. शिकविणारा बाहेरचा एखादा, शिकणारे शेंकडों, अशी नेहमींची रीत येथें नव्हती. जो आज शिकला तो उद्यां शेजाऱ्यास शिकवी, आणि शिकवितांना आपलें अर्धवट ज्ञान पुरें करून घेई.

अभ्यासाचा विषय नेहमीं हातापाशींचा असे. कोंकरें विकून काय मिळालें, तीं शहरांत किती भावानें गेलीं. खत एकट्यानें घेतल्यास काय पडतें व दहांनीं मिळून घेतल्यास काय पडेल. आपली गाय दूध कमी देते त्यास चारा कारण कीं जात कारण. असे प्रश्न घेऊन मंडळ बसे. उत्तर सांपडलें कीं नुसतें मान डोलावून उठावयाचें नाहीं, तर कांहीं तरी करून पाहावयाचें. केवळ कृति करणारा आंधळा व केवळ वाचणारा पांगळा, हें या धर्मगुरूंनीं ओळखलें होतें. म्हणून प्रत्येक अभ्यासाच्या शेवटीं एखादें लहान काम उभें राही: कोठें लोकर व कोंकरांची एकत्र विक्री, कोठें खताची व बियाण्याची एकत्र खरेदी, कोठें सहकारी दुकान.

कॅन्सोच्या जवळच लिट्ल डोव्हर नांवाचें एक अतिशय दरिद्री खेडें होतें. खडकावर घरें, पेरावयास माती नाहीं, गाईस चरावयास कुरण नाहीं. टॉम्पकिन्स यांच्या प्रेरणेनें येथील लोक अभ्यासास बसले. शेवंड डब्यांत भरण्याचा लहानसा कारखाना आपला आपण काढतां येईल, असें त्यांच्या लक्षांत आलें. पैसा नव्हता, पण हात होते. त्यांनीं रानांत जाऊन लांकूड तोडलें, स्वतःच इमारत उभारली, यंत्रापुरतें कर्ज घेतलें, व तें फेडलें. नंतर मुलांस दूध मिळत नाहीं हा प्रश्न अभ्यासास आला. गाय पोसणें शक्य नाहीं, तर शेळी कां नको, असें ठरून गांवांत शेळ्या आल्या. शेळीची कथा कोणास क्षुल्लक वाटेल. पण ज्या गांवानें आपल्या मुलांच्या दुधाचा प्रश्न स्वतः विचार करून सोडविला, तें गांव त्यानंतर पूर्वींचें राहत नाहीं.

पैशाचा प्रश्न सुटल्यावांचून शेतकरी व्यापाऱ्याच्या वहींतून सुटत नाहीं, हेंहि मंडळांनीं ताडलें. अमेरिकेंतील पतपेढ्यांचे प्रवर्तक रॉय बर्गेनग्रेन यांस बोलावून सल्ला घेण्यांत आला. १९३२ सालीं नोव्हा स्कोशियाच्या विधिमंडळानें पतपेढ्यांचा कायदा केला आणि त्याच वर्षीं पतपेढ्या निघूं लागल्या. चार-चार आणे म्हणतों आपण, तशीं लहान नाणीं दर आठवड्यास जमवून त्या उभ्या राहिल्या. परंतु नियम असा कीं, आधीं काहीं महिने पतपेढीचा अभ्यास, मगच पतपेढी. ज्याला ताळेबंद वाचतां येत नाहीं त्यानें सभासद होऊन काय राखावें?

स्त्रियांचें कार्य विसरतां कामा नये. संत मार्था संघाच्या धर्मभगिनी, विशेषतः सिस्टर मारी मायकल, तसेंच ईडा गॅलंट यांच्यासारख्या गृहस्थ स्त्रिया यांनीं गांवोगांव बायकांचीं अभ्यासमंडळें चालविलीं. आहार, विणकाम, परसबाग, मुलांचें आरोग्य हे विषय तेथें असत. सहकारी दुकान चालावें कीं बुडावें, हें खरोखर घरची टोपली कोठें भरते यावर अवलंबून असल्यानें, बायका शहाण्या झाल्यावांचून पुरुषांचा सहकार टिकत नाहीं, हें तेथें लौकरच उमगलें. पुढारीपणाच्या जागा मात्र पुष्कळ काळ पुरुषांकडेच राहिल्या, हा त्या चळवळीचा एक उणेपणा मान्य केला पाहिजे.

१९३१ च्या सुमारास अशीं सुमारें १७० अभ्यासमंडळें होतीं. १९३० चें दशक संपत आलें तेव्हां त्यांची संख्या ११०० च्या वर गेली होती व सभासद सुमारें १०,००० झाले होते. हीच तीं जागतिक मंदीचीं वर्षें, जेव्हां इतरत्र लोक हात टेंकून बसले होते. पोप अकरावे पायस यांनीं १९३१ सालच्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रांत, जें काम लहान समूहास करतां येतें तें मोठ्यानें त्याच्याकडून हिरावून घेऊं नये, असें तत्त्व मांडलें. आणि १९३८ सालीं अँटिगोनिशचे बिशप मॉरिसन यांस रोमहून कार्डिनल पाचेल्ली यांच्या सहीचें पत्र जाऊन या कार्याचें कौतुक झालें. कोडी यांनीं १९३९ सालीं आपल्या अनुभवांचें एक पुस्तक लिहिलें. लोक आपल्या दैवाचे धनी आपणच होऊं शकतात, हा त्याच्या नांवाचा आशय. विशेष हें कीं, चळवळ कॅथॉलिक धर्मगुरूंची असूनहि मंडळांत प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांस मुक्त प्रवेश असे. कॅथॉलिकांसाठीं वेगळा व प्रॉटेस्टंटांसाठीं वेगळा असा बटाट्याचा भाव नसतो!

एवढ्यावर थांबलों तर आम्हीं अर्धाच इतिहास सांगितला असें होईल. दुसऱ्या महायुद्धांत तरुण सैन्यांत गेले, खेड्यांतून शहराकडे जाणारा ओघ युद्धानंतरहि थांबला नाहीं. १९४३ सालीं सुरू झालेल्या नभोवाणी-केंद्रावरून शिक्षणाचे कार्यक्रम होऊं लागले, तरी स्वयंपाकघरांतील बैठका विरळ होत गेल्या. पतपेढ्या व दुकानें वाढलीं, पगारी व्यवस्थापक आले, इमारती उंच झाल्या. पण सभासद वर्षांतून एकदां सभेस येणारा, किंबहुना न येणारा, गिऱ्हाईक होऊन बसला. कांहीं सहकारी संस्था पुढें बंदहि पडल्या. अभ्यासानें संस्था जन्मास घातली, आणि संस्था मोठी होतांच ती अभ्यासास विसरली, असा या इतिहासाचा उत्तरार्ध आहे. कोडी १९५९ सालीं दिवंगत झाले. त्याच वर्षीं विद्यापीठानें त्यांच्या नांवें एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापिली. तेथें शिकून आलेले कार्यकर्ते भारतांतहि आहेत.

आतां आपल्या देशाकडे वळूं. शेतकऱ्यांच्या पतपेढीची कल्पना येथें अँटिगोनिशहून आली नाहीं. जर्मनींत रायफायसेन यांनीं १८६४ सालीं घालून दिलेला कित्ता पुढें ठेवून फादर जॉन हॉफमन या जेजुइट धर्मगुरूंनीं १९०९ सालीं रांची येथें मुंडा, उरांव आदि आदिवासी शेतकऱ्यांसाठीं कॅथॉलिक सहकारी पतसंस्था काढली. वसईंत १९१८ सालीं मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें कॅथॉलिक पतसंस्था स्थापन झाली. तीच आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक होय. केळीच्या बागा व पानमळे राखणाऱ्या बागाइतदारांनीं त्या काळीं कोणत्या विश्वासानें आपली शिल्लक एकत्र केली असेल, याचा विचार केला म्हणजे मन आदरानें भरून येतें. पैसा एकत्र करण्याचें काम आपल्या पूर्वजांनीं अँटिगोनिशच्याहि आधीं केलें. ज्ञान एकत्र करण्याचें काम मात्र अजून पुष्कळ राहिलें आहे.

त्या दिशेनें महाराष्ट्रांत एक मोठा प्रयत्न अहमदनगर जिल्ह्यांत (आतांचा अहिल्यानगर) झाला. स्वित्झर्लंडहून आलेले जेजुइट धर्मगुरु फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेनें १९८९ सालीं भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचा आरंभ झाला, आणि १९९३ सालीं या कामीं गांवांस शिकवून तयार करण्यासाठीं ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था निघाली. गांवानें प्रथम ग्रामसभेंत एकमतानें समिति निवडावी, श्रमदान करावें, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी, आधीं लहानशा क्षेत्रावर बांध-बंदिस्तीचें काम करून हात बसवावा, आणि मगच मोठ्या कामाचा निधि मिळावा, अशी तिची पद्धति. पैसा आधीं व शहाणपण मागाहून, हा सरकारी कामाचा नेहमींचा क्रम येथें उलटा केला होता. आमच्या बियाण्याच्या पिशव्या आम्हांस येथें पुन्हां आठवल्या.

त्याच सुमारास, १९८९ सालीं, पूर्वेकडील इंडोनेशिया देशांत दुसरा एक प्रयोग सुरू झाला. भातावर तपकिरी तुडतुड्यांची धाड येई. औषध जितकें अधिक फवारावें तितकी धाड वाढे, कारण तुडतुडे खाणारे कोळी व इतर मित्रकीटक औषधानें आधीं मरत. १९८६ सालीं तेथील सरकारनें भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. परंतु केवळ बंदीनें शेतकरी शहाणा होत नाहीं. म्हणून राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेच्या साहाय्यानें शेतकऱ्यांच्या ‘शेतीशाळा’ निघाल्या. वीस-पंचवीस शेतकऱ्यांनीं पेरणीपासून कापणीपर्यंत दर आठवड्यास शेतांतच जमावें, चार-पांच जणांच्या तुकड्या करून रोपें तपासावीं, शत्रुकीटक किती व मित्रकीटक किती हें मोजावें, मोठ्या कागदावर त्याचें चित्र काढावें, आणि औषध मारावें कीं न मारावें हें चर्चेनें ठरवावें. शिक्षकानें उत्तर सांगावयाचें नाहीं, “तुम्हांस काय दिसलें?” एवढेंच विचारावयाचें. ही पद्धति पुढें अनेक देशांत गेली, आणि आपल्या राज्याचें कृषिखातेंहि शेतीशाळा याच नांवानें ती चालवितें. टॉम्पकिन्स यांचे धक्क्यावरील प्रश्न व शेतीशाळेंतील हा प्रश्न एकाच घराण्यांतले आहेत.

या सर्वांतून आम्हांस तीन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, लहान शेतकरी अडाणी नसतो. तो एकटा असतो. दहा शेतकऱ्यांपाशीं दहा प्रकारच्या जमिनींचें ज्ञान असतें, पण तें दहा बांधांच्या आंत कोंडलेलें असतें. दुसरी ही कीं, बाहेरचा जाणता अवश्य हवा, पण त्यानें आधीं विचारावें व मग सांगावें. तिसरी, आणि सर्वांत कठीण, ही कीं, संस्था उभी राहिली म्हणजे अभ्यास संपला असें समजतां कामा नये. ज्या दिवशीं सभासद प्रश्न विचारण्याचें सोडतो, त्या दिवसापासून त्याची संस्था दुसऱ्या कोणाची तरी होऊं लागते.

कोणी म्हणतील, धर्मगुरूनें देवळांत राहावें. खत व तुडतुडे यांत त्यानें कां पडावें? हा आक्षेप अँटिगोनिशमध्येंहि घेतला गेला. त्यास उत्तर एवढेंच कीं, पेरणाऱ्याचा दाखला सांगणाऱ्या प्रभूनें वाट, खडक, कांटेरी जमीन व चांगली जमीन यांतील भेद नीट पाहिलेला होता. पोप तेविसावे योहान यांनीं १९६१ सालच्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रांत शेतकऱ्यांच्या प्रश्नास विस्तृत स्थान दिलें, आणि शेतकऱ्यांनीं एकमेकांशीं जोडून घेऊन आपल्या उन्नतीचे कर्ते आपणच व्हावें, असा बोध केला. वेदीवर आपण जी भाकर व जो द्राक्षारस अर्पण करतों, तीं भूमीचीं व मनुष्याच्या कष्टांचीं फळें आहेत. कष्ट करणारा हात कर्जानें बांधलेला असतां आपण त्या अर्पणाकडे निश्चिंतपणें कसें पाहावें?

आपल्या धर्मग्रामाकडे पाहिलें तर चिंतेचीं कारणें थोडीं नाहींत. विहिरींचें पाणी खोल जात आहे; वाड्या विकल्या जात आहेत; ज्या आजोबांस पानवेलीच्या मुळाशीं बोट घालून ओल कळत असे, त्यांच्या नातवास त्या वाडीचा फक्त भाव कळतो. जमीन विकणाऱ्यास दोष देणें सोपें आहे. पण ती राखावयाची कशी, तिच्यांत आतां काय पिकवावें, माल एकत्र विकावा कसा, याचा अभ्यास त्याच्याबरोबर बसून आपण किती वेळां केला? हा प्रश्न आम्ही इतरांच्या आधीं आम्हांसच विचारतों. वर्षभरांत आमच्या सभागृहांत सभा पुष्कळ झाल्या. अशी बैठक एकहि झाली नाहीं.

म्हणून जुबिलीच्या निमित्तानें आमची विनंति लहानशीच आहे. पताका उतरल्यावर, येत्या पावसाळ्यापूर्वीं, प्रत्येक वाडींत पांच-दहा घरांनीं आठवड्यांतून एक संध्याकाळ एकत्र बसावें. रोजरी संपल्यानंतरची वेळ सोयीची. एक प्रश्न घ्यावा, आपल्या विहिरीचा किंवा आपल्या केळीचा. जाणत्या आजोबांस मध्यें बसवावें, सुनांना व लेकींना बोलूं द्यावें, लागेल तर कृषिखात्याच्या माणसास बोलवावें, आणि आम्हांसहि. आम्ही येऊं, परंतु या वेळीं मांडव घालावयास व पिशव्या वांटावयास नव्हे, तर मागच्या पाटावर बसून ऐकावयास येऊं. त्या वृद्ध शेतकऱ्याचें देणें आमच्या अंगावर अजून आहे.